दोन बोटांचा फोम

सीटवाल्या बाई साडेअकराला येणार होत्या आणि सव्वाअकरालाच शटरखाली येऊन उभ्या राहिल्या, त्यामुळे सगळ्यांचीच धांदल उडाली. आबा अजून गादीकामाच्या कारखान्याच्या कोपऱ्यात, चादर झाकलेल्या आपल्या वस्तूपाशी घुटमळत होते. दादा गाडी आत घेत होता आणि आत्या, त्याची धाकटी बहीण, त्याला "ये, ये, अजून ये, अरे डावीकडे म्हणजे तुझ्या डावीकडे!" करत होती. आत्या गाडी शिकवायचा क्लास चालवते. तिच्यासमोर स्टिअरिंग हातात घ्यायची वेळ आली की घरातला प्रत्येक माणूस शिकाऊ होतो.

वहिनी, दादाची बायको, लेकीला, म्हणजे टिटवीला, कडेवर घेऊन शिलाई मशीनपाशी उभी होती. सात वर्षांची मुलगी कडेवर घेतली की तिचे पाय घेणाऱ्याच्या गुडघ्यांवर आपटतात. तरी घ्यावं लागायचं, कारण टिटवीची पाठ आणि मान तिचं ऐकत नाही. आधार काढला की डोकं पुढे कलंडतं आणि हनुवटी छातीला टेकते.

"ती-ती?" टिटवीने विचारलं. तिला एवढे दोनच आवाज येतात आणि त्यांच्यात ती वाटेल ते बसवते. आताचा प्रश्न सरळ होता: ही कोण, आणि एवढी मोठी खोकी कशाला?

"तुझ्यासाठी सीट आणल्यात," वहिनी म्हणाली. "गाडीतल्या. आज त्यातली एक ठरवायचीय."

बाईंनी दोन सीट आणल्या होत्या. जी ठरेल ती इथे राहणार, दुसरी परत. काहीच ठरलं नाही तर दोन्ही परत, आणि बाईंची पुढची फेरी तीन महिन्यांनी. इकडे सोमवारी टिटवीला उपचार केंद्रात हजर करणं भाग होतं. तीन आठवडे ती गेलेली नव्हती. चौथा बुडाला की तिची जागा यादीतल्या पुढच्या मुलाला. केंद्राच्या पत्रात हे फार गोड भाषेत लिहिलं होतं आणि वहिनीला ते पत्र तोंडपाठ झालं होतं.

सीट ठरली तरी गाडी कोण चालवणार, हा विषय मात्र कुणी काढत नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत वहिनीच चालवायची. मग एका दुपारी पुढचा ट्रक अचानक थांबला, वहिनीने करकचून ब्रेक दाबला, गाडी कुठेही न धडकता थांबली, पण मागे टिटवी आपल्या सीटमध्ये खाली घसरली आणि पट्टा तिच्या गळ्याशी आला. वहिनीने धावत मागे जाऊन तिला सोडवलं म्हणून निभावलं. गळ्यावरचा वळ आठवड्याने गेला. दादाने त्या संध्याकाळी उच्चारलेलं वाक्य मात्र गेलं नाही. "पट्टा ढिला ठेवलास तू," तो म्हणाला होता. तेव्हापासून गाडीची किल्ली त्याच्याच खिशात असायची, आणि त्याला दिवसभर कचेरीतून हलता येत नव्हतं, आत्याला क्लासमधून.

आबांना दोन्ही सीट बघताक्षणीच नापसंत झाल्या. हे अन्यायाचं होतं, पण पन्नास वर्षं गादीकाम केलेल्या माणसाकडून न्यायाची अपेक्षा करू नये. त्यांच्या वडिलांनी घोडागाड्यांच्या बैठका काथ्या भरून शिवल्या. आबांनी बसच्या सीट शिवल्या, ट्रॅक्टरच्या शिवल्या, दातांच्या डॉक्टरांच्या खुर्च्यासुद्धा शिवल्या. वडिलांनी त्यांना एकच नियम शिकवला होता, की बसणाऱ्याने सीट विसरली पाहिजे. तो नियम त्यांनी पुढे हाताखालच्या सगळ्या कारागिरांना शिकवला. स्वतःच्या मुलालाही शिकवून पाहिला, पण दादाने दाभण हातात धरलं नाही ते धरलंच नाही.

त्यांनी पहिल्या सीटवर अंगठा रोवला. अंगठा आत गेला नाही.

"बाई, ही सीट आहे का फळी?"

"घट्ट आहे, आजोबा. मुद्दाम तशी करतात."

"मुद्दाम?" आबांनी माईंकडे पाहिलं. माई, त्यांच्या पत्नी, मशीनमागच्या स्टुलावर बसून बॉबिन भरत होत्या. त्यांनी नुसती मान हलवली. ती मान कुणाच्या बाजूने हलते हे चव्वेचाळीस वर्षांत कुणालाही कळलेलं नव्हतं.

पहिली सीट फिरती होती. खालच्या चकतीवर ती दाराकडे वळायची, म्हणजे मुलीला समोरून बसवता यायचं, आत वाकून कमर मोडून घ्यावी लागायची नाही. आत्याला ती पाहता पाहता आवडली.

"हीच घ्या," ती म्हणाली. "वहिनीच्या कमरेची काय दशा झालीय ते बघतेय मी. परवा जिना चढताना कठड्याला धरून उभी होती."

"पण ही वजनाने केवढी आहे! एकदा बसवली की गाडीतून हलणार नाही," दादा म्हणाला. "कधी दुसऱ्या गाडीने जावं लागलं तर?"

"दुसरी गाडी आहे कुठे तुझ्याकडे?"

"उद्या असेल."

"मग उद्याचं उद्या बघ की!"

बाई या भांडणात पडल्या नाहीत. त्यांनी फिरती सीट गाडीत लावून टिटवीला तिच्यात बसवलं, खांद्यांवरून आणि कमरेवरून येणारे पट्टे पोटाशी जोडले, मांड्यांमधला ठोकळा नीट केला आणि सीट पुढे वळवून गाडीच्या मागच्या दारापाशी उभ्या राहिल्या. टिटवीने दोन मिनिटं डोकं धरलं. मग थकली, आणि डोकं हळूहळू पुढे आलं. बाईंनी तिच्या हनुवटीखाली दोन बोटं घालून पाहिली. बोटं जेमतेम गेली.

"तुमच्या गाडीची मागची बैठक पुढे उतरती आहे," त्या म्हणाल्या. "त्यात ही चकती. सीट हवी तेवढी मागे कलत नाहीये. ही गाडीत झोपते का?"

"परतताना नेहमी झोपते," वहिनी म्हणाली.

"मग झोपेत हनुवटी छातीवर येणार. श्वासाला अडचण होते त्याने."

आत्याचा चेहरा पडला. वहिनीचाही पडला असता, पण तिने तो पडू दिला नाही. तिची कमर सकाळपासून ठणकत होती आणि त्या फिरत्या सीटकडे तिनेही आशेने पाहिलं होतं. तिने टिटवीला उचललं.

"दुसरी लावून बघू," ती म्हणाली.

दुसरी सीट साधी होती. फिरत नव्हती, दिसायलाही ठोकळ्यासारखी, पण ती मागे छान कलत होती. टिटवीचं डोकं दोन्ही बाजूंच्या पंखांमध्ये टेकलं आणि तिथेच राहिलं. बाईंनी बोटं घातली, ती सहज गेली. त्यांनी पट्टा ओढून घट्ट केला, आणि खांद्यावरचा पट्टा अंगठा नि बोटाच्या चिमटीत पकडून पाहिला. पट्ट्याची घडी चिमटीत आली नाही.

"अस्सं. चिमटीत आला तर ढिला, नाही आला तर बरोबर."

एवढं होईस्तोवर टिटवीने भोंगा लावला होता. "तीऽऽऽ! तीऽऽऽ!" तिला ती फळी नको होती, तो ठोकळा नको होता, आणि सगळे आपल्याभोवती उभे राहून बघतायत हे तर मुळीच नको होतं. आबा येरझाऱ्या घालू लागले. त्यांचे हात सारखे सीटकडे जात आणि मागे येत.

"काढा तिला," दादा म्हणाला. "रडतेय, दिसत नाही का?"

"नव्या सीटमध्ये पहिले काही दिवस रडतात मुलं," बाई म्हणाल्या.

"आणि रोज वहिनीने तिला असं आत वाकून बसवायचं?" आत्याने विचारलं. "आठवड्यातून तीनदा, जाताना-येताना?"

"ती नाही बसवणार. ती चालवणारच नाहीये."

हे दादा अगदी सहज बोलून गेला. टिटवीचा भोंगा चालूच होता, तरी ते वाक्य सगळ्यांना ऐकू आलं.

"मग कोण चालवणार?" वहिनीने विचारलं.

"बघू. काहीतरी करू."

"तीन आठवडे बघतोच आहोत. सोमवारी तिची जागा जाईल."

"गेली तर गेली! जिवापेक्षा जास्त आहे का जागा?"

"मी पट्टा घट्ट केला होता," वहिनी म्हणाली. हे ती तीन आठवड्यांत किती वेळा म्हणाली असेल, तिचं तिलाच ठाऊक. "आत्ता बाईंनी केलं तसंच मी रोज करते. चिमटीत धरून बघते. त्या दिवशीही बघितलं. येत नव्हता चिमटीत."

"मग ती घसरली कशी?"

हाच प्रश्न तीन आठवडे वहिनीला पोखरत होता. तिने आत्याकडे पाहिलं. आत्याने नजर गाडीच्या टायरकडे वळवली. त्या संध्याकाळी तीही म्हणाली होती, की माझ्याकडे शिकायला येणाऱ्या निम्म्या लोकांना आपला पट्टा घट्ट आहे असं नुसतं वाटत असतं. म्हणाली होती भावाची बाजू सावरायला, पण वहिनीच्या जिव्हारी लागायचं ते लागलंच.

"पुरे, पुरे," आबा म्हणाले. "भांडू नका पोरीसमोर. इकडे आणा तिला."

त्यांनी कोपऱ्यातली चादर ओढली.

चादरीखाली सीट होती. बारा दिवस आबांनी दुसरं कुठलंही काम घेतलं नव्हतं. लाकडी सांगाडा, त्यावर पट्ट्या, त्यावर तीन थरांचा फोम, आणि वरून लोण्यासारखं मऊ, मोरपंखी कापड, कारण टिटवीला तोच रंग दिसला की ती मान वळवते. पाठीला तिच्या पाठीचा बाक दिलेला, डोक्याला दोन्हीकडून उशा. शिवण कुठून सुरू झाली आणि कुठे संपली ते दिसत नव्हतं.

वहिनीने टिटवीला त्यात ठेवलं. टिटवी अर्धी बुडाली. तिने एक हुंदका दिला, मग दुसरा दिला तो अगदीच नावाला, आणि गप्प झाली. तिने गालाने ती उशी चाचपली. "ती," ती पुटपुटली.

सगळा कारखाना विरघळला. दादाने डोळे पुसले आणि पुसले नाहीत असं दाखवलं. "झालं," तो म्हणाला, "हीच. बाहेरच्या सीट हव्यात कशाला? आबा, तुम्ही आधी का नाही दाखवलीत?"

"बरी आहे की," आत्यासुद्धा म्हणाली.

वहिनीचीही इच्छा झाली हे खरं आहे. तीन आठवड्यांत टिटवी असं अंग सैल सोडून कुठे बसली नव्हती. आबांनी आजवर या घरात नेहमी सुनेची बाजू घेतली होती. तिने गाडी शिकायची ठरवली तेव्हा दादा नको म्हणत होता, आणि आबांनीच त्याला गप्प केलं होतं. ते आता तिच्या तोंडाकडे बघत होते, शाळेतल्या पोराने गुरुजींकडे बघावं तसे.

बाई खाली बसल्या. त्यांनी टिटवीच्या शेजारी, बैठकीवर मूठ ठेवली आणि वजन टाकलं. मूठ मनगटापर्यंत आत गेली.

"आजोबा, इतकं सुंदर काम मी पाहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "हिला घरात बसायला याहून चांगलं काही मिळणार नाही. पण गाडीत ही चालणार नाही."

"का?"

"गाडी एकदम थांबली की मुलाचं अंग जोरात पुढे जातं. फोम तेवढ्यात दबतो. जेवढा दबला तेवढा पट्टा ढिला पडतो. आधी कितीही घट्ट केला असला तरी. मग मूल खालून निसटतं."

"मी पन्नास वर्षं सीट शिवतोय, बाई."

"मोठ्या माणसांच्या. ती आपलं आपण बसतात." बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. "हिची जुनी सीट आहे का इथे? तिच्यात मुळात किती पातळ फोम असतो ते दाखवते, म्हणजे पटेल."

जुनी सीट त्या दिवसापासून माळ्यावर टाकलेली होती. दादा चढला आणि घेऊन आला. आबा म्हणाले, "कशाला, राहू दे, धूळ आहे तिच्यावर," पण तोवर ती बाईंच्या पुढ्यात आली होती.

बाईंनी तिच्यावर मूठ ठेवली. वजन टाकलं. त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी बैठकीची कड चाचपली, कव्हरचं एक टोक उचलून आत बोटं घातली.

"यात कुणी काही भरलंय का?"

बाईंनी बोटं आणखी आत सरकवली.

"मुळात एवढं जाड नसतं हे. आत वेगळा थर आहे. अगदी सफाईने बसवलाय, पण आहे."

"तू घातलंस?" दादाने वहिनीला विचारलं. "उशी-बिशी काही?"

 वहिनीने पुढे होऊन कव्हरच्या कडेवरून बोट फिरवलं. कडेला धागा दिसत नव्हता. दिसत नव्हता म्हणूनच तो कुणाचा हे कळत होतं. नऊ वर्षं ती या घरात होती. तिच्या खोलीतल्या गाद्या, टिटवीचा पाळणा, तिच्या माहेरी भेट दिलेले लोड, सगळ्यांना हीच लपती शिवण होती.  तिने वळून आबांकडे पाहिलं, आणि तोंड मिटून घेतलं.

आत्याला तिचं ते बघणं दिसलं. तीही वाकली, तिनेही बोट फिरवलं. लहानपणी शाळेतून आली की आबांच्या दाभणात सुतळी ओवायचं काम तिचं असे. तिला पाहायचीही गरज नव्हती. आणि तिला एकदम आपलं ते वाक्य आठवलं, निम्म्या लोकांना नुसतं वाटत असतं. लाज वाटली तिला. बोला, आबा, ती मनात म्हणाली. तुम्हीच बोला, आम्हाला बोलायला लावू नका.

आबा कात्री शोधत होते. कात्री त्यांच्या खिशात होती.

खरं सांगायचं तर आबांनी लपवलं असं म्हणता येत नाही. त्यांनी त्या दोन गोष्टी कधी एकमेकींशेजारी ठेवल्याच नव्हत्या. टिटवीच्या मांड्या लाल होतात म्हणून त्यांनी एका सकाळी सीट खाली आणली, दोन बोटं जाडीचा फोम घातला, शिवलं, पुन्हा गाडीत बसवलं. कुणाला सांगितलं नाही, कारण चांगलं काम सांगायचं नसतं, बसणाऱ्याने ते विसरायचं असतं. दोनच दिवसांनी ब्रेक लागला. त्यानंतर ते नवी सीट शिवत बसले. हात थांबले की छातीत धडधडायचं, म्हणून थांबले नाहीत. का धडधडतंय, ते त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

"मी चहा टाकते," माई उठत म्हणाल्या.

"चहा नको, माई," आत्या म्हणाली.

"मग मी सांगते." माईंनी बॉबिन खाली ठेवलं.  "मी कव्हर धुवायला काढलं होतं. तेव्हा बैठक मला जाड लागली. मीच म्हटलं असेन यांना, की पोरीला टोचतंय, काहीतरी घाला. माझंच चुकलं..."

"तू काही म्हणाली नव्हतीस," आबा म्हणाले. "गप बस. माझं आहे ते."

ते खाली बसले. गुडघे कडकड वाजले. त्यांनी खिशातून कात्री काढली, शिवणीचा लपवलेला टाका नेमका पकडला आणि कापला. मग सरसर पूर्ण कड उसवली. आतून पिवळसर फोमचा तुकडा निघाला, चारी कडा तासून गोल केलेला.

"दोन बोटांचा," ते म्हणाले. "मी घातला. तिच्या मांड्या लाल होत होत्या." त्यांनी तो चिमटीत धरला आणि दाबला. फोम कागदाएवढा झाला. "गिऱ्हाइकाला असाच दाबून दाखवायचो मी. बघा, म्हणायचो, काय माल आहे, दाबला की नाहीसा होतो."

टिटवी मोरपंखी सीटमध्ये स्वतःशीच ती-ती करत होती. 

"सूनबाई," आबा म्हणाले. "तुझा पट्टा घट्टच होता."

वहिनीने हे वाक्य ऐकायला तीन आठवडे काढले होते. ऐकल्यावर बरं वाटेल असं तिला वाटलं होतं. बरं वाटलं नाही. आधी राग आला.

"तीन आठवडे, आबा," ती म्हणाली. "तुम्ही रोज माझ्या शेजारी बसून जेवत होतात. मी स्वयंपाकघरात पिशव्यांचे बंद चिमटीत धरून बघायचे, माझ्या बोटांना कळतं की नाही ते. मला वाटलं माझी बोटंच खोटी आहेत. पोरीला हात लावायची भीती वाटायला लागली होती मला."

"मला..." आबा म्हणाले, आणि हातातला फोम पुन्हा दाबत राहिले. 

"अगं, मला तरी काय माहीत की आबांनी..." दादाने सुरुवात केली.

"माहीत नव्हतं तर बोलायचं नव्हतं," वहिनी म्हणाली. ती ओरडली नाही. तिने ओरडावं असं दादाला फार वाटलं, म्हणजे मग त्यालाही काहीतरी ओरडता आलं असतं. त्याऐवजी त्याला त्या दुपारची ती दिसली, टिटवीला छातीशी धरून दारातून आत येणारी, आणि आपण तिला पाणीसुद्धा न विचारता काय म्हणालो ते. तो दुसरीकडे बघू लागला.

"किल्ली," आत्या त्याला म्हणाली.

दादाने खिशातून किल्ली काढून मशीनच्या पाटावर ठेवली.

"तिथे नाही. हातात दे."

त्याने दिली. वहिनीने घेतली. "चुकलो मी," तो इतक्या हळू म्हणाला की आत्या म्हणणार होती, परत बोल. पण वहिनीचा चेहरा बघून ती थांबली. शिकवणाऱ्याला कधी गप्प बसायचं तेही कळावं लागतं, आणि आत्याला ते फार क्वचित कळायचं.

"कुठली सीट?" बाईंनी विचारलं. घड्याळाकडे त्यांनी बऱ्याच वेळाने, पण पाहिलंच.

"साधी," वहिनी म्हणाली. "डोकं राहतं तिच्यात."

"आणि तुझी कमर?" आत्या म्हणाली.

"कमरेचं बघू."

"बसवताना एक गुडघा आत टेकवा, कमर वाकणार नाही," बाई म्हणाल्या. "दाराचा उंबरा मात्र टोचेल." मग त्यांना काहीतरी सुचलं आणि त्या आबांकडे वळल्या. "आजोबा, उंबऱ्यावर ठेवायला एक गादी लागेल. यांच्या गुडघ्यासाठी. ती हवी तेवढी मऊ करा."

आबांनी हातातल्या फोमकडे पाहिलं. वहिनी नको म्हणेल म्हणून ते थांबले. ती काही म्हणाली नाही. मग त्यांनी फोम दुमडला, उंबऱ्याची रुंदी वितीने मोजली आणि मशीनकडे गेले.

साधी सीट गाडीत घट्ट बसवून झाली, बाईंनी तीनदा हलवून पाहिली. वहिनीने उंबऱ्यावर, अजून न शिवलेल्या फोमवर, गुडघा टेकवला आणि टिटवीला बसवलं. टिटवीने पुन्हा भोंगा लावला. वहिनीने पट्टा ओढला, चिमटीत धरला. 

"तुम्ही बघता का?" तिने बाईंना विचारलं.

"तुमचं बघून झालंय ना?" बाई म्हणाल्या. "मग झालं. एक फेरी मारून या."

वहिनी स्टिअरिंगवर बसली. दादा पुढचं दार उघडायला आला, तशी ती म्हणाली, "तू नको. आबा, मागे बसा तिच्याजवळ."

आबा धडपडत आत शिरले.

"आधी तुमचा पट्टा," ती आरशात बघून म्हणाली. आबांनी लावला. "ओढा अजून." त्यांनी ओढला.

गाडी शटरबाहेर निघाली. कोपऱ्यावर किराण्याचं दुकान, मग शाळेची भिंत, मग रुंद रस्ता. वहिनीने तीन आठवडे क्लच दाबला नव्हता आणि पहिल्या वळणावर गाडीने आचका दिला. टिटवी रडत होती. तिच्या मांड्या ठोकळ्याला टेकल्या होत्या, आणि आबांना दिसत होतं की जरासं, अगदी बोटभर काही सरकवलं तर तिला बरं वाटेल. पन्नास वर्षांच्या हातांना ते बघवत नव्हतं. त्यांनी हात मांड्यांखाली दाबून धरले.

"आबा, काही करू नका हं," पुढून आवाज आला.

"नाही करत."

शाळेची भिंत संपली तिथे टिटवीचा आवाज खाली आला. ती बाहेर बघायला लागली. डोकं पंखात टेकलेलं असल्यामुळे तिला खिडकी पूर्ण दिसत होती. जुन्या सीटमध्ये तिला बहुतेक वेळ आपले गुडघेच दिसायचे, हे आबांच्या आत्ता लक्षात आलं.

मग गल्लीतून एक स्कूटर सरळ पुढ्यात आली.

वहिनीने ब्रेक दाबला. टायर किंचाळले. आबा पुढे फेकले गेले, त्यांचा पट्टा छातीत रुतला, आणि त्यांचा उजवा हात मांडीखालून सुटून टिटवीच्या समोर आडवा गेला, तिला झेलायला.

झेलायला काही आलंच नाही. हात तिच्या छातीपासून वीतभर अंतरावर हवेत थांबला. टिटवी होती तिथेच होती. डोकं पंखात, पाठ पाठीला, पट्टा खांद्यावर. स्कूटरवाला हात वर करून निघून गेला.

"ती-ती!" टिटवी म्हणाली. अर्थ अगदी सरळ होता: पुन्हा.

आरशात वहिनीचे डोळे आले. ते आधी टिटवीवर गेले, बराच वेळ तिथे राहिले. मग त्या आडव्या हातावर आले.

"हात काढा, आबा," ती म्हणाली. "धरलंय तिला."

आबांनी हात काढला. वहिनीने गाडी पुन्हा सुरू केली, या वेळी आचका बसला नाही. घर येईपर्यंत आबांनी तो हात आधी गुडघ्यावर ठेवून पाहिला, मग खिडकीवर, मग पुन्हा गुडघ्यावर, आणि तो कुठे ठेवावा हे काही त्यांना कळलं नाही.